तसबिरीचा समास

सांगली, मिरज आणि कुपवाड या तीन गावांची मिळून 1998 साली एक महानगरपालिका झाली. परंतु तिघांचे स्वभाव त्यामुळे एक झाले नाहीत. सांगलीकडे नाटक आहे, मिरजेकडे तंतुवाद्ये आणि इस्पितळे. कुपवाडच्या वाट्याला कारखाने आले, आणि कारखान्यांच्या मागोमाग भंगाराच्या वखारी. चित्रांचा इतिहास शोधण्यासाठी भंगारात शिरावे लागते, हे आमच्या साहित्यप्रेमी वाचकांना विपरीत वाटेल. पण 2019च्या ऑगस्टात कृष्णेचे पाणी आयर्विन पुलापाशी 57 फुटांच्या वर गेले, आणि ते ओसरल्यावर सांगलीतील घराघरांतून गाद्या, कपाटे, पुस्तके यांच्याबरोबर भिंतीवरचे देवही रस्त्यावर आले. त्यानंतर काही महिन्यांनी कुपवाडच्या एका वखारीत आम्ही अशा तसबिरींची थप्पी पाहिली. सागवानी चौकटी एका बाजूस, काचा दुसरीकडे, कागद तिसरीकडे. आम्ही भाव विचारताच वखारवाला म्हणाला, ‘साहेब, देव किलोवर घालत नाही आम्ही. ते नगावर जातात, मुंबईला.’

‘नगावर’ हा शब्द आमच्या मनात राहिला. कारण जुन्या वस्तूंच्या आपल्याकडील व्यवहारात किंमत पुष्कळदा द्रव्याची असे, कलाकुसरीची नव्हे. बोहारीण जुनी लुगडी घेऊन भांडे देई; जुन्या पैठणीची जर जाळून तिच्यातील चांदी काढली जाई आणि त्या चांदीचे वजन होई. पदरावरचे मोर त्या हिशेबात नसत. तसबिरीचेही तेच. चौकटीचे लाकूड विकले जाई आणि चित्र नदीत सोडले जाई. आज त्याच चित्राला चौकटीहून अधिक मोल आले आहे, यात कलेचा विजय मानावा काय?

त्या थप्पीतील बरेचसे कागद रविवर्मा छापखान्याच्या घराण्यातले वाटले. राजा रविवर्म्याने 1894 साली मुंबईत शिळाछापखाना काढला. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीस गेला आणि विसाव्या शतकाच्या आरंभी फ्रिट्झ श्लायखर या जर्मन तंत्रज्ञाच्या हाती आला. एका रंगासाठी एक दगड, अशा अनेक दगडांवरून उतरलेली ही लक्ष्मी-सरस्वती मराठी माजघरांत पोहोचली. काही घरांत बायकांनी तिला जरीचे काठ चिकटवले, टिकल्या लावल्या, म्हणजे छापील प्रतीची पुन्हा एकच एक वस्तू केली. 1972 साली छापखान्याला आग लागली आणि उरलेसुरले बहुतेक गेले. त्यानंतर घरोघरच्या भिंती हेच या छापखान्याचे दफ्तर होते, असे आम्ही म्हणतो ते यासाठी.

हे दफ्तर वाचायचे कसे? पोथीला शेवटी पुष्पिका असते; लेखनिकाचे नाव, शक, गाव तीत मिळते. अशा छापील चित्राची पुष्पिका त्याच्या खालच्या समासात असते. तेथे छापखान्याचे नाव मुंबईचे आहे की कार्ला-लोणावळ्याचे, यावरून कालखंडाचा अदमास येतो. पाठीमागच्या पुठ्ठ्यावर तसबीरवाल्याचे दुकान, क्वचित घरमालकाच्या हातची तारीख, लग्नातील आहेराची नोंद. वखारीतून निघालेल्या चित्राचा समास प्रथम कापला जातो, कारण तो डागाळलेला असतो आणि नव्या चौकटीत बसत नाही. पुठ्ठा तर फेकूनच देतात. मुंबईच्या चोरबाजारात किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात ते पोहोचते तेव्हा ते केवळ ‘जुने’ असते. कोणाचे, कुठले, केव्हाचे, याचे उत्तर विक्रेता देतो, आणि गिऱ्हाइकाला आवडेल ते देतो. हल्ली नवी छपाई चहाच्या पाण्याने पिवळी करून विकता येते, तीही याच उत्तरावर.

येथे कवी अज्ञातवासींची आठवण होते. दिनकर केळकर हे त्यांचे नाव; अकाली गेलेल्या आपल्या मुलाच्या, राजाच्या नावाने त्यांनी पुण्यात संग्रहालय उभे केले आणि पुढे ते शासनाच्या स्वाधीन केले. दिवे, अडकित्ते, दौती, वज्ऱ्या! दरबारी काहीच नसलेल्या वस्तूंसाठी हा कवी गावोगाव हिंडला. साताऱ्याकडे औंधच्या पंतप्रतिनिधींनी 1938 साली संग्रहालय काढले, त्यांच्यापाशी संस्थान होते. केळकरांपाशी हट्ट होता. तेही अखेर जुन्या वस्तूंचे गिऱ्हाईकच. म्हणून फेरविक्री करणाऱ्याला सरसकट लुटारू म्हणण्यास आमची जीभ वळत नाही. वखारवाल्याने देव किलोवर घातले असते तर ते लगद्यात गेले असते. अडचण त्याच्या नफ्याची नाही, पुसल्या जाणाऱ्या नोंदीची आहे.

कायद्याचे पाहावे तर 1972च्या पुरावस्तू व कलानिधी अधिनियमानुसार शंभर वर्षे झालेली कलाकृती पुरावस्तूंत मोडते, आणि पुरावस्तूंच्या व्यापाराला परवाना लागतो. रविवर्म्याची चित्रे 1979 साली राष्ट्रीय कलानिधी ठरली. पण वखारीतल्या कागदाला शंभर वर्षे झाली की ऐंशी, हे ठरवणार कशावरून? त्या वयाचा एक मुख्य पुरावा म्हणजे तोच समास, जो कात्रीखाली गेला. कात्री चालवणाऱ्याला या कायद्याचे नावही ठाऊक नसते.

आम्ही त्या दिवशी एक सरस्वती विकत घेतली. मोराचा गळा पुराच्या पाण्याने विटला होता. पैसे देताना तिच्या पाठीमागचा पुठ्ठा मागितला, तर वखारवाला हसला. म्हणाला, तो रद्दीत गेला, हवा तर उपसून घ्या. आमच्यातील दोघे तासभर तो ढीग उपसत बसले. पुठ्ठे बरेच मिळाले. एकावर शाईने ‘चि. सौ.’ एवढीच अक्षरे होती, पुढचे नाव पाण्याने नेले होते. तो आमच्याच सरस्वतीचा होता की दुसऱ्या कुठल्या तसबिरीचा, हे जुळवून पाहता आले नाही. खिळ्यांची भोके बसत नव्हती. तरीही तो आम्ही घेऊन आलो. वखारवाल्याने त्याचे पैसे लावले नाहीत.