बिडावरची अक्षरे

मोडी कागद वाचण्यात ज्याची उभी हयात गेली, त्याला मोटारीतले काय कळणार? आमच्या घरच्या मंडळींचे हे मत आहे आणि ते बरोबरच आहे. तरीही मिशिगनला लेकीकडे गेलो असता एका जुन्या मोटारीची परीक्षा करण्याची पाळी माझ्यावर आली, त्याची ही हकीगत.

जावईबापूंना १९६३ सालची शेव्हरोले कॉर्व्हेट घ्यायची होती. बंद टपाच्या या गाडीच्या मागच्या काचेला मधोमध उभी पट्टी असते. ती त्या एकाच वर्षी निघाली आणि पुढच्या वर्षी गेली. विकणारे गृहस्थ माझ्याच वयाचे, बोलायला सालस. गाडीत मूळचेच इंजीन आहे असे ते सांगत, आणि त्या एका शब्दापायी किंमत इतकी चढली होती, की घराच्या छपरासाठी बाजूला ठेवलेले पैसेही त्यात जाणार होते. लेक म्हणाली, "बाबा, तुम्ही अस्सल आणि बनावट ओळखता ना? मग हेही बघा!"

आठ दिवस मी त्या विषयावरची पुस्तके चाळली. या गाडीच्या हौशी मंडळींनी १९७४ साली अमेरिकेत आपली संस्था काढली आणि कारखान्यातून गाडी कशी बाहेर पडे, याचा बारकाईने शोध घेतला. आपल्याकडे दप्तरे धुंडाळणारे संशोधक असतात ना, तसलीच ही माणसे!

गाडीचे हे इंजीन मिशिगनमधल्या फ्लिंट गावी जुळवीत. तेथे पुढच्या बाजूला, उजव्या हेडच्या लगत उघड्या राहिलेल्या बिडाच्या पट्टीवर काही अक्षरे ठोकीत: कारखान्याचे एफ, मग महिना व दिवस, मग इंजिनाचा प्रकार सांगणारी दोन अक्षरे. पुढे इंजीन सेंट लुईसला जाई. तेथे गाडी तयार होताना तिचा स्वतःचा क्रमांक त्याच पट्टीवर दुसऱ्या हाताने, दुसऱ्या पंचांनी ठोकला जाई. म्हणजे एका कागदावर दोन कारकुनांची अक्षरे! दोन्ही ओळी एकाच वळणाच्या दिसल्या, की संशय घ्यावा.

हे सारे कशासाठी? तर नेमके इंजीन नेमक्या गाडीत जावे म्हणून. साठ वर्षांनी कोणी त्यावर भिंग धरील, हे ठोकणाऱ्याच्या स्वप्नातही नसणार. म्हणून त्याचा एखादा आकडा तिरका पडे, एखादा अर्धाच उमटे. बखरकार वाचकासाठी लिहितो, हिशेबाचा कारकून तसे लिहीत नाही. म्हणूनच मला बखरीपेक्षा कारकुनाचा जमाखर्च अधिक जवळचा वाटतो.

अक्षरांपेक्षाही महत्त्वाचा असतो तो त्यांच्याखालचा 'कागद'. ब्लॉकचा माथा ब्रोच नावाच्या दातेरी हत्याराने सपाट करीत. त्याच्या केसासारख्या बारीक, समांतर रेघा पुढून मागे जातात आणि ठोकलेल्या आकड्यांच्या आजूबाजूलाही दिसतात. पुढे कधी इंजीन खोलून माथा पुन्हा तासला, की त्या रेघा जातात आणि क्रमांकही जातो. यात लबाडी काहीच नाही, दुरुस्तीच आहे. लबाडी सुरू होते ती कोऱ्या झालेल्या पट्टीवर कोणी जुना म्हणून नवा क्रमांक ठोकतो तेव्हा. काही बहाद्दर तर खोट्या रेघाही ओढतात!

ठरल्या दिवशी आम्ही गेलो. पट्टीवरचे तेलकट किटण मऊ फडक्याने आणि ॲसिटोनने पुसले. तारेचा ब्रश किंवा पॉलिशपेपर तिला लावायचा नसतो, पुरावाच घासला जातो. मग बाजूने तिरपा उजेड धरला. फिकट शाईचा कागदही मी असाच वाचतो. ओळ दिसली: एफ ०३२० आरई. म्हणजे २० मार्च, आणि ३४० अश्वशक्तीचे इंजीन. खालचा क्रमांक गाडीच्या पाटीशी जुळत होता. जावयाचा चेहरा खुलला. मला मात्र आकडे फार शहाण्यासारखे रांगेत उभे वाटले, आणि रेघा कोठेच दिसेनात.

तरी केवळ वळणावरून निकाल द्यायचा नाही, हा आमचा जुना नियम. पत्र बनावट असले तर तिथी आणि वार जंत्रीशी ताडून पाहिले म्हणजे पुष्कळदा उघडे पडते. येथेही जंत्री होती! ब्लॉक ओततानाच मागच्या टोकाला तारीख उठावात येते. तेथे जानेवारीला ए, फेब्रुवारीला बी, असे महिने असतात. जावयाने आरसा आणि बॅटरी घेऊन मोठ्या कष्टाने ती वाचली: जी ८ ३. मी बोटांवर मोजले. जी म्हणजे जुलै. ८ जुलै १९६३.

जुलैत ओतलेले इंजीन मार्चमध्ये जोडले कसे?

त्या गृहस्थांना मी हे सावकाश समजावून सांगितले. तेही आरसा घेऊन खाली वाकले आणि बराच वेळ वर आलेच नाहीत. त्यांनी स्वतः ही गाडी वीस वर्षांपूर्वी 'मूळ इंजिनाची' म्हणूनच घेतली होती, तशी किंमत मोजून. खोटे त्यांचे नव्हतेच; त्यांना ते विकले गेले होते. मला फार ओशाळल्यासारखे झाले. माणसाच्या घरी जाऊन त्याचा चहा प्यावा आणि त्याची सनद बनावट ठरवावी, हा काही चांगला पाहुणचार नव्हे.

तीन दिवसांनी त्यांचा फोन आला. किंमत त्यांनी आपणहून उतरवली होती, छपराचे पैसे वाचत होते. गाडी आली. विक्रीच्या कागदावर जावयाने माझ्या आग्रहावरून एक ओळ घालून घेतली: इंजीन मूळचे नव्हे, पट्टीवरचा क्रमांक मागाहून ठोकलेला. सही करताना ते गृहस्थ म्हणाले, ही ओळ वीस वर्षांपूर्वी माझ्या कागदावर असती तर बरे झाले असते.