शोकाची मुदत

मनाच्या आजाराचे निदान मुख्यतः लक्षणांवरूनच करावे लागते. १९७२ साली प्रसिद्ध झालेल्या एका तुलनेत असे दिसले की, सारख्याच रुग्णांना न्यूयॉर्कचे डॉक्टर लंडनच्या डॉक्टरांपेक्षा अधिक वेळा ‘स्किझोफ्रेनिया’चे रुग्ण ठरवीत. हा गोंधळ निस्तरण्यासाठी अमेरिकन मानसोपचार संघटनेने रॉबर्ट स्पिट्झर यांच्या नेतृत्वाखाली निदानपुस्तिकेची तिसरी आवृत्ती १९८० मध्ये काढली. तीत प्रत्येक विकाराची लक्षणे, त्यांची संख्या आणि मुदत ठरवून दिली गेली.

पण झोप उडणे, अन्न नकोसे होणे ही तर शोकाकुल घराचीही लक्षणे! म्हणून नैराश्याच्या निकषांतून सामान्य शोक वगळण्यात आला. १९९४ मध्ये ही सवलत दोन महिन्यांपुरती ठरली. शोकाआड खरे नैराश्य दुर्लक्षित राहू नये, म्हणून २०१३ मध्ये ती काढून टाकली गेली. २०२२ मध्ये प्रौढांच्या वर्षभरानंतरही न ओसरणाऱ्या तीव्र शोकाला स्वतंत्र विकार मानले गेले.

वर्षश्राद्धाची मर्यादा पाळणाऱ्या आम्हांला हा ‘वर्षा’चा हिशेब परका वाटत नाही. निकषांनी डॉक्टरांना समान भाषा दिली, हे त्यांचे मोठे ऋण. मात्र दुःख कोठे संपते आणि आजार कोठे सुरू होतो, ही रेषा माणसांनीच आखलेली आहे आणि ती बदलत आली आहे, याचे भान आम्ही सोडू नये.