अब्जांश औषधवाहक

औषधाचे रेणू अतिसूक्ष्म कणांत बंदिस्त करून किंवा अशा कणांना जोडून शरीरात सोडण्याच्या पद्धतीला अब्जांश औषधवहन म्हणतात आणि त्या कणांना अब्जांश औषधवाहक किंवा नॅनोवाहक. एक नॅनोमीटर म्हणजे मीटरचा एक अब्जांश भाग. अब्जांश तंत्रज्ञानात १ ते १०० नॅनोमीटर ही मर्यादा रूढ असली, तरी औषधनिर्मितीत ती काटेकोरपणे पाळली जात नाही आणि सुमारे २०० नॅनोमीटरपर्यंतचे कणही याच वर्गात धरले जातात.

आकाराचा हा पट्टा शरीरानेच आखून दिलेला आहे. साधारण ५-६ नॅनोमीटरपेक्षा लहान कण मूत्रपिंडातून गाळले जाऊन लघवीवाटे निघून जातात, तर २०० नॅनोमीटरपेक्षा बरेच मोठे कण प्लीहेच्या अरुंद फटींत अडकतात. या दोन टोकांच्या मधला कण रक्तात काही काळ टिकू शकतो. मात्र रक्तात शिरताच त्याच्या पृष्ठभागावर प्रथिनांचा थर चढतो आणि त्या थरावरून यकृत व प्लीहा यांतील महाभक्षी पेशी, म्हणजे परके कण गिळून नष्ट करणाऱ्या पेशी, त्याला ओळखतात. अब्जांश औषधवहनाचा इतिहास हा बहुतांशी या पेशींना चुकवण्याचा इतिहास आहे. परंतु त्यातील काही मोठी यशे त्यांना न चुकवता, उलट त्यांचाच उपयोग करून घेतल्याने मिळाली आहेत.

सर्वांत जुन्या आणि आजही मोठ्या प्रमाणावर वापरल्या जाणाऱ्या वाहकांपैकी एक म्हणजे लायपोसोम. इंग्लंडमध्ये केंब्रिजजवळच्या बाब्रहॅम येथील संस्थेत ॲलेक बँगहॅम यांनी १९६०च्या दशकाच्या प्रारंभी फॉस्फोलिपिडांचा पाण्यातील पसारा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तेव्हा हे मेदरेणू आपोआप एकत्र येऊन बंद पुटिका तयार करतात असे दिसून आले. फॉस्फोलिपिडाच्या रेणूचे एक टोक पाण्याकडे ओढ घेणारे आणि दुसरे पाणी टाळणारे असते. त्यामुळे पाण्यात हे रेणू दुहेरी थर रचतात, आणि तो थर वळून मिटला की आत पाण्याचा एक कप्पा उरतो. पाण्यात विरघळणारे औषध त्या कप्प्यात आणि न विरघळणारे औषध थरातच ठेवता येते. पेशींचे आवरणही याच जातीच्या मेदांचे बनलेले असल्याने हे द्रव्य शरीराला फारसे परके नसते. लायपोसोम हे नाव १९६८ मध्ये जेराल्ड वाइसमान यांनी सुचवले, आणि १९७१ मध्ये ग्रेगरी ग्रेगोरिआडिस व ब्रेंडा रायमन यांनी विकर, म्हणजे एन्झाइम, अशा पुटिकांत भरून उंदरांना टोचले, तेव्हा त्यातील बराचसा भाग अल्पावधीत यकृताने शोषून घेतला.

कर्करोगाच्या गाठीपर्यंत औषध नेऊ पाहणाऱ्यांसाठी हे निराशाजनक होते. काळा आजार या रोगाच्या बाबतीत मात्र हीच गोष्ट वरदान ठरली. वालुमक्षिकेच्या चाव्यातून पसरणाऱ्या या रोगाचा लेश्मानिया हा परजीवी नेमका यकृत, प्लीहा आणि अस्थिमज्जा यांतील महाभक्षी पेशींतच राहून वाढतो, त्यामुळे ज्या पेशी लायपोसोम गिळतात त्याच पेशींत औषध हवे असते. अँफोटेरिसिन बी हे कवकांवरील जुने आणि प्रभावी औषध या परजीवीवरही चालते, कारण दोघांच्याही पेशीआवरणात असलेल्या एर्गोस्टेरॉलला ते चिकटते. पण मानवी पेशींतील कोलेस्टेरॉललाही ते काही प्रमाणात चिकटत असल्याने हुडहुडी, ताप आणि विशेषतः मूत्रपिंडांची हानी हे त्याचे दुष्परिणाम फार त्रासदायक असतात. लायपोसोमच्या थरात बसवल्यावर हे औषध मूत्रपिंडांना पुष्कळच कमी इजा करते आणि म्हणून एका वेळी मोठी मात्रा देता येते. बनारस हिंदू विद्यापीठातील श्याम सुंदर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिहारमधील रुग्णांवर केलेल्या, २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात शरीराच्या वजनाच्या दर किलोमागे १० मिलिग्रॅम अशी लायपोसोमयुक्त औषधाची एकच मात्रा शिरेतून देण्यात आली, तर तुलनेसाठी साधे औषध दिवसाआड १५ वेळा देण्यात आले. सहा महिन्यांनंतर बरे झालेल्यांचे प्रमाण पहिल्या गटात ९५.७ टक्के आणि दुसऱ्यात ९६.३ टक्के होते. ज्या रोगाचे बहुतेक रुग्ण मजुरीवर जगणारे आहेत, त्यात महिनाभराचा रुग्णालयवास एका दिवसावर येणे हे अब्जांश औषधवहनाचे कदाचित सर्वांत मोठे मानवी फलित मानावे लागेल. या औषधाचा भारतीय प्रकार घडवण्यात मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील नीलिमा क्षीरसागर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा महत्त्वाचा वाटा आहे. तो पुढे फंगिसोम या नावाने बाजारात आला. २०२१ मध्ये कोविडच्या दुसऱ्या लाटेदरम्यान म्युकरमायकोसिस हा कवकरोग महाराष्ट्रासह अनेक राज्यांत फैलावला, तेव्हा याच लायपोसोमयुक्त अँफोटेरिसिनचा तीव्र तुटवडा भासला.

महाभक्षी पेशींना चुकवण्याचा मार्ग पॉलिएथिलीन ग्लायकॉल या पाणी धरून ठेवणाऱ्या बहुवारिकाने दाखवला. त्याच्या साखळ्या कणाच्या पृष्ठभागावर बसवल्या की प्रथिने सहज चिकटत नाहीत आणि कण रक्तात मिनिटांऐवजी दिवसांच्या हिशेबाने टिकतो. जेरुसलेममध्ये येहेझ्केल बारेनहोल्झ व अल्बर्टो गॅबिझॉन यांच्या कामातून साकारलेले डॉक्सिल हे औषध या पद्धतीवर आधारलेले असून अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्याला १९९५ मध्ये मान्यता दिली. त्यात सुमारे ८० ते १०० नॅनोमीटर आकाराच्या लायपोसोममध्ये डॉक्सोरुबिसिन हे कर्करोगविरोधी औषध भरलेले असते. आधी आतल्या पाण्यात अमोनियम सल्फेट ठेवून मग बाहेरून औषध सोडले की ते आत शिरते आणि तेथेच स्फटिकरूप होऊन अडकते. भरण्याची ही युक्तीच या औषधाचा प्राण आहे.

अशा कणांचे कर्करोगाशी नाते जुळले ते जपानमधील कुमामोतो येथील यासुहिरो मात्सुमुरा व हिरोशी माएदा यांच्या १९८६ मधील निरीक्षणामुळे. वेगाने वाढणाऱ्या गाठीतील रक्तवाहिन्यांच्या भिंती सच्छिद्र असतात आणि तेथून द्रव वाहून नेणारी लसीकायंत्रणा दुबळी असते, त्यामुळे मोठे रेणू व कण गाठीत झिरपतात आणि तेथेच साचतात, असे त्यांनी मांडले. या तत्त्वावर दोन दशके फार मोठ्या आशा बांधल्या गेल्या. पण उंदरांच्या गाठींत ठळक दिसणारा हा परिणाम माणसात रुग्णागणिक, इतकेच नव्हे तर एकाच रुग्णाच्या दोन गाठींतही, वेगवेगळा आढळतो. टोरांटो येथील वॉरन चॅन यांच्या गटाने त्याआधीच्या दहा वर्षांतील प्राण्यांवरील प्रयोगांचा २०१६ मध्ये आढावा घेतला, तेव्हा टोचलेल्या मात्रेपैकी गाठीपर्यंत पोहोचणाऱ्या भागाचा मध्यक अवघा ०.७ टक्का भरला. स्तनाच्या पसरलेल्या कर्करोगावर डॉक्सिल आणि साधे डॉक्सोरुबिसिन यांची तुलना झाली, तेव्हाही परिणामकारकता जवळपास सारखीच निघाली. हृदयाची हानी मात्र बरीच कमी झाली, आणि तिच्या जागी तळहात-तळपाय लाल होऊन सोलवटण्याचा नवा त्रास दिसला. तेव्हा औषध अचूक लक्ष्यावर नेणे हे वर्णन या वाहकांना सढळपणे लावले जात असले, तरी त्यांची आजवरची सिद्ध कामगिरी औषधाला चुकीच्या जागेपासून दूर ठेवण्याची आहे, आणि रुग्णाच्या दृष्टीने तिचे मोल कमी नाही. पॅक्लिटॅक्सेल हे पाण्यात न विरघळणारे औषध अल्ब्युमिन या रक्तप्रथिनाच्या सुमारे १३० नॅनोमीटर कणांत बांधल्यामुळे, एरंडेल तेलापासून बनवलेल्या ॲलर्जीकारक द्रावकाची गरज संपली, हे याचेच आणखी एक उदाहरण होय.

न्यूक्लिइक आम्लांच्या बाबतीत वाहक ही सोय नसून अट आहे, कारण उघडा आरएनए रक्तातील विकरांपुढे टिकत नाही आणि ऋणभारामुळे पेशीआवरण ओलांडू शकत नाही. त्यासाठी वापरले जाणारे मेदकण आम्लधर्मी परिसरात धनभारित होणाऱ्या मेदांपासून बनवतात: रक्तात ते जवळजवळ भाररहित राहतात, पण पेशीने गिळल्यावर आतल्या आम्लधर्मी पुटिकेत त्यांना धनभार येतो, पुटिकेचे आवरण विस्कटते आणि आरएनए पेशीद्रवात उतरतो. २०१८ मध्ये मान्यता मिळालेले पॅटिसिरान हे औषध असेच यकृतात पोहोचते. रक्तातील अपोलिपोप्रोटीन ई त्याच्या कणांना चिकटते आणि त्या खुणेवरून यकृतपेशी त्यांना आत घेतात. २०२० च्या अखेरीस आलेल्या कोविडवरील एमआरएनए लशींत याच जातीचे कण होते. त्या गोठवून साठवाव्या लागत असत. पुण्याच्या जेनोवा कंपनीच्या, जून २०२२ मध्ये आणीबाणीच्या वापरासाठी मान्य झालेल्या एमआरएनए लशीला मात्र २ ते ८ अंश सेल्सिअस तापमान पुरते.

या वाहकांचे काही धोकेही स्पष्ट झाले आहेत. काही रुग्णांत पहिल्याच वेळी शिरेतून औषध सुरू होताच रक्तातील पूरक प्रथिनांची यंत्रणा चेतून धाप लागते व रक्तदाब ढळतो, तर काहींच्या शरीरात पॉलिएथिलीन ग्लायकॉलविरुद्ध प्रतिपिंडे असल्याने पुढच्या मात्रा लवकर नष्ट होतात. मूळ औषधाचा रेणू तोच असला, तरी कणाचा आकार, थरांची घडण आणि भरण्याची रीत थोडी जरी बदलली तरी शरीरातील वर्तन बदलते. म्हणून स्वस्त पर्यायी उत्पादन मूळ उत्पादनाशी समतुल्य आहे हे सिद्ध करणे साध्या गोळीपेक्षा पुष्कळ अवघड असते, आणि ही औषधे महाग राहण्याचे ते एक मोठे कारण आहे.