कर्करोगावरील उपचारांतील व्यायाम (स्त्रियांच्या रक्तवाहिन्यांचे आरोग्य)

कर्करोगावर औषधोपचार चालू असताना रक्तवाहिन्या जपण्यासाठी वैद्यकीय सल्ल्याने केलेला नियमित व्यायाम. स्तनाच्या कर्करोगात दिले जाणारे डॉक्सोरुबिसिन हृदयाबरोबरच रक्तवाहिन्यांच्या आतील अस्तरालाही इजा करते. अस्तरात तयार होणारे नायट्रिक ऑक्साइड वाहिन्या सैल ठेवते. ते घटले की धमन्या ताठरतात. व्यायामात रक्तप्रवाह वाढतो, अस्तरावरचा ताण नायट्रिक ऑक्साइडच्या निर्मितीला चालना देतो.

रक्तवाहिन्यांवरचा हा परिणाम मोजता येतो. हाताला पट्टा आवळून रक्तप्रवाह 5 मिनिटे रोखतात. पट्टा सोडताच दंडातली धमनी किती रुंदावते, हे सोनोग्राफीवर दिसते. अमेरिकेत 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्राथमिक चाचणीत केमोथेरपी घेणाऱ्या 30 स्त्रिया होत्या. त्यांतील एका गटाने 8 आठवडे, आठवड्यातून तीनदा, 1 मिनिट जोरात आणि 2 मिनिटे संथ अशी सायकल चालवली. या गटात धमनीची रुंदावण्याची क्षमता सुधारली.

मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने 850 स्त्रियांवर योगाची चाचणी घेतली. 2022 मध्ये जाहीर झालेल्या निष्कर्षांत रोगमुक्त जगण्याच्या प्रमाणात सुमारे 15 टक्के सापेक्ष सुधारणा आढळली. मात्र भर रक्तवाहिन्यांवर नव्हता.

व्यायामाची जागा हवामान पाहून निवडावी. दुबईसारख्या शहरात उन्हाळ्यात पारा 40 अंशांपलीकडे जातो. तिथे ट्रेडमिल किंवा घरातला व्यायामच सोयीचा. ताप, छातीत दुखणे, प्लेटलेट फार कमी होणे किंवा हाडांत पसरलेला रोग असल्यास आधी डॉक्टरांना विचारावे.