‘अमरावतीचा वर्ग’
* लेखकाच्या मनात श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचा उन्हाळी वर्ग आहे. अंबादासपंत आणि अनंत वैद्य या बंधूंनी 1914 मध्ये अमरावतीत हे मंडळ स्थापले. हुतात्मा राजगुरूंनीही इथे व्यायामाचे धडे घेतले होते. 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी मंडळाच्या पथकाने तिथे कबड्डीसह देशी खेळांची प्रात्यक्षिके केली. सुट्टीत शिकायला येणाऱ्यांसाठी लाठी, लेझीम, मल्लखांब, फरीगदका असा भरगच्च क्रम असे. वऱ्हाडातल्या वैशाखात हे म्हणजे हौसेचे काम नव्हे!

केंदो या जपानी तलवारबाजीच्या शिबिरांशी लेखकाने केलेली तुलना शिस्तीपुरती ठीक, हत्यारांबाबत जपून वाचावी. फरीगदक्यात एका हाती कातडी मढवलेला गदका, दुसऱ्या हाती फरी, म्हणजे ढाल. केंदोत ढाल नाही. वेळूच्या चार पट्ट्या बांधून केलेली शिनाई दोन्ही हातांनी धरतात आणि डोके, मनगटे, धड यांवर चिलखत चढवतात. अकोल्याच्या वाचकाला केंदोच्या गुरूंचा दबदबा अतिशयोक्त वाटेल. पण आठव्या दान श्रेणीच्या परीक्षेला वयाच्या 46 व्या वर्षाआधी बसताच येत नाही, आणि बसणाऱ्यांतले फार थोडे उत्तीर्ण होतात. — संपादक