बेटीव्यवहाराची वेस

समाज पुढे गेला, हे वाक्य सत्काराच्या सभांतून हमखास ऐकू येते. शिक्षक म्हणून मीही ते वर्गात अनेकदा उच्चारले आहे. कोण पुढे गेला, कोणत्या प्रश्नावर गेला आणि कोणाला मागे टाकून गेला, हे मात्र मी विद्यार्थ्यांना क्वचितच विचारायला लावले. आता नोकरी संपल्यावर आपल्याच जिल्ह्याचा इतिहास पुन्हा वाचताना ही चूक डोळ्यांत खुपू लागली आहे. प्रगती सगळ्या प्रश्नांवर एकदम होत नाही. एका प्रश्नावर कायदा धावतो, तर समाज जागचा हलत नाही. दुसऱ्या प्रश्नावर माणसे तयार असतात, तर कायदा तोंड फिरवतो. या विषमतेचा उपयोग कोण कसा करून घेतो, हे कार्यकर्त्याने समजून घेतले पाहिजे.

याची साक्ष द्यायला आमचा सातारा-सांगलीचा मुलूख पुरेसा आहे. १९४९ साली जुन्या सातारा जिल्ह्याचे उत्तर आणि दक्षिण असे दोन भाग झाले आणि १९६० साली दक्षिण साताऱ्याला सांगली हे नाव मिळाले. नावे दोन झाली, इतिहास एकच राहिला. जोतीराव फुल्यांच्या घराण्याचे मूळ गाव खटाव तालुक्यातले कटगुण. सावित्रीबाईंचे माहेर खंडाळा तालुक्यातले नायगाव. क्रांतिसिंह नाना पाटलांचे येडेमच्छिंद्र आणि अण्णाभाऊ साठ्यांचे वाटेगाव वाळवा तालुक्यातले. ७ नोव्हेंबर १९०० रोजी बाबासाहेबांचे नाव इंग्रजी शाळेत दाखल झाले ते साताऱ्यातच.

त्याच साताऱ्याहून १९०१ साली लहानगा भीम भावंडांबरोबर आगगाडीने मसूरला उतरला. वडील खटाव तालुक्यात गोरेगावला नोकरीस होते. मुलांची जात कळताच कोणी गाडीवान त्यांना गाडीत घेईना. शेवटी दुप्पट भाडे ठरले आणि तेही एका अटीवर. गाडी मुलांनीच हाकायची, गाडीवान बाजूने चालणार. मुलांबरोबर बसून तो बाटणार होता, दुप्पट पैसे घेऊन मात्र बाटणार नव्हता. वाटेत त्या मुलांना प्यायला पाणीही मिळाले नाही.

आज मसूरला उतरणाऱ्या मुलाला जात विचारून कोणी गाडीतून उतरवत नाही. ही प्रगती खरी आहे. ती कोणी दान दिलेली नाही, लढून मिळवलेली आहे. पण त्याच मुलखात, मिरज तालुक्यातल्या बेडग गावी, २०२३ च्या जून महिन्यात बाबासाहेबांच्या नावाची कमान पाडली गेली आणि गावातली बौद्ध कुटुंबे घरदार सोडून मुंबईच्या वाटेला लागली. रस्ता मोकळा झाला, वेशीवरचे नाव मात्र सहन झाले नाही. आणि गावाला आणखी एक वेस असते. ती दगडविटांची नसल्यामुळे दिसत नाही. ती बेटीव्यवहाराची वेस. मला बोलायचे आहे ते तिच्याविषयी.

बाबासाहेबांनी १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात जातीचे मर्म उघड केले होते. जात टिकते ती जातीतल्या जातीत लग्न करण्याच्या सक्तीवर. १९३६ साली जातिनिर्मूलनाच्या भाषणातही त्यांनी आंतरजातीय विवाह हाच खरा उपाय सांगितला, आणि त्यामागे उभ्या असलेल्या धर्मग्रंथांच्या प्रामाण्यावर घाव घातला. सहभोजने कितीही घाला, पंगतीतून उठल्यावर माणूस आपल्याच जातीच्या घरात सोयरीक शोधायला जातो. लग्न ही दोन जिवांची खासगी बाब आहे, हे आपल्या समाजाने कधी मानलेच नाही. लग्न हा जातीचा सीमाशुल्क नाका आहे.

या नाक्यावर कायदा किती सावकाश चालला ते पाहा. १८७२ च्या विशेष विवाह कायद्याने वेगळ्या जातीच्या जोडप्याला वाट दिली, पण आपण हिंदू नाही, मुसलमान नाही, ख्रिस्ती नाही, असे लिहून देण्याची अट घातली. माणसाने प्रेम करावे, तर धर्म नाकारून करावे! शेजारच्या कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१९ साली आंतरजातीय विवाहाला मान्यता देणारा कायदा केला. ब्रिटिश मुलखात ती अट हिंदू, बौद्ध, शीख, जैन यांच्यापुरती सैल व्हायला १९२३ साल उजाडले. हिंदूंमधील सर्व आंतरजातीय विवाह कायदेशीर ठरवणारा कायदा १९४९ चा, आणि आजचा विशेष विवाह कायदा १९५४ चा.

म्हणजे सात दशकांहून अधिक काळ कायद्याचे दार उघडे आहे. त्यातून आत गेले किती? २०११-१२ च्या देशव्यापी मानव विकास पाहणीत आंतरजातीय लग्नांचे प्रमाण सुमारे ५ टक्के निघाले. महाराष्ट्र शासन अशा जोडप्यांना अर्थसाहाय्य देते, आणि याच महाराष्ट्रात २०१३ साली सोनईत तीन मेहतर तरुणांची आणि २०१४ साली खर्ड्यात एका शाळकरी दलित मुलाची हत्या झाली. दोन्हींमागे वरच्या जातीच्या मुलीशी असलेल्या जवळिकीचा राग होता. सोनईच्या खटल्यात २०१८ साली शिक्षा झाली. खर्ड्याच्या खटल्यात २०१७ साली आरोपी सुटले. फुले-शाहू-आंबेडकरांचे नाव घेणाऱ्या राज्याने ही आकडेमोड स्वतःशी करावी.

कायद्यातच एक फट आहे, तिचा अनुभव मी घेतला आहे. १९५४ च्या कायद्याप्रमाणे लग्नाआधी तीस दिवसांची जाहीर नोटीस लावावी लागते. माझ्या भाच्याचे लग्न दुसऱ्या जातीच्या मुलीशी ठरले. ठरले म्हणजे त्या दोघांनी ठरवले. नोटीस फलकावर लागली आणि चौथ्या दिवशी मुलीच्या घरी बातमी पोचली. तिला मामाच्या गावी नेऊन ठेवले, फोन काढून घेतला. ते लग्न झाले नाही. हिंसा झाली नाही, पोलिसात नोंद झाली नाही, कोणत्याही आकड्यात ती मुलगी सापडणार नाही. कायद्याने दार उघडले आणि दारावर घंटाही बांधली. ती नोटीस आजही कायद्यात आहे.

आता जरा दूर जाऊ. वाळवा तालुक्यातल्या कासेगावी गेल ऑम्व्हेट राहिल्या. अमेरिकेतल्या मिनिआपोलिस शहरात १९४१ साली जन्मलेल्या या बाईंनी महाराष्ट्रातल्या ब्राह्मणेतर चळवळीवर संशोधन केले, भारत पाटणकरांशी लग्न केले, भारताचे नागरिकत्व घेतले आणि २५ ऑगस्ट २०२१ रोजी कासेगावातच देह ठेवला. आमच्या मुलखातल्या सत्यशोधकांचा इतिहास आमच्यातल्या अनेकांना त्यांच्या पुस्तकांतून कळला. वर्णभेदाच्या देशातून आलेल्या माणसाला जातिभेद ओळखता आला, यात नवल नाही. बाबासाहेबांनीही १९४६ साली ड्यू बॉइस यांना पत्र लिहून दोन्ही देशांतल्या पीडितांचे साम्य नोंदवले होते. १९७२ साली आपल्या तरुणांनी पँथर हे नाव घेतले तेही याच नात्याने.

त्या अमेरिकेत गोऱ्या-काळ्यांच्या लग्नावरची बंदी सर्वोच्च न्यायालयाने १९६७ साली मोडली, तेव्हा १६ राज्यांत ती जिवंत होती. अलाबामाने आपल्या राज्यघटनेतली ती निर्जीव ओळ पुसायला २००० साल घेतले. १९५८ साली अशा लग्नाला मान्यता देणारे अमेरिकन शेकडा ४ होते, २०२१ साली ९४ झाले. समलिंगी विवाहाला २०१५ साली देशभर मान्यता मिळाली. आणि २०२२ साली तिथल्या संसदेने एकाच कायद्याने दोन्ही प्रकारच्या लग्नांना संरक्षण दिले. वर्ण ओलांडणारे आणि लिंगाचा दंडक ओलांडणारे एकाच कागदावर शेजारी आले.

मग अमेरिकेत समता आली का? २०२० च्या मे महिन्यात गेलबाईंच्या त्याच मिनिआपोलिस शहरात जॉर्ज फ्लॉइड या काळ्या माणसाच्या मानेवर पोलिसाने गुडघा रोवला आणि भर रस्त्यात त्याचा जीव घेतला. लग्नाचे दार उघडले, म्हणून रस्ता सुरक्षित झाला नाही. आपल्याकडे उलटे झाले. मसूरचा रस्ता मोकळा झाला, लग्नाचे दार बंदच राहिले. एका जागी मिळालेला विजय दुसऱ्या जागेचा दाखला होत नाही.

हे ध्यानात ठेवून आपल्याकडच्या समलिंगी माणसांच्या प्रश्नाकडे पाहावे. इंग्रजांनी १८६० च्या दंडसंहितेत घातलेले कलम ३७७ प्रौढांच्या संमतीच्या संबंधांपुरते सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी रद्द केले. गुन्हेगारीचा शिक्का पुसला गेला. पण १७ ऑक्टोबर २०२३ रोजी त्याच न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांनी समलिंगी विवाहाला मान्यता नाकारली. तो प्रश्न त्यांनी संसदेवर सोपवला. विवाहाऐवजी निदान सहजीवनाला मान्यता द्यावी, असे दोघांचे मत होते. तिघांनी तेही मानले नाही. म्हणजे तुम्ही गुन्हेगार नाही, पण कुटुंबही नाही. अर्जदारांना ज्या कायद्याखाली लग्न करायचे होते तो कोणता? तोच १९५४ चा विशेष विवाह कायदा. माझा भाचा ज्या फलकासमोर हरला, त्याच फलकापर्यंत पोचायला ही माणसे झगडत होती.

हा शहरी, परदेशी छंद आहे असे म्हणणाऱ्याने मंगळवारी-शुक्रवारी मिरज-जतच्या बाजूला नजर टाकावी. यल्लम्माला सोडलेले जोगते लुगडे नेसून, डोक्यावर जग घेऊन पिढ्यान्‌पिढ्या जोगवा मागत आले आहेत. त्यांच्यावर राजन गवस यांनी १९८८ साली ‘भंडारभोग’ ही कादंबरी लिहिली. लोक जोगत्याच्या पाया पडतात, सुपातले धान्य घालतात. पण त्याला घर नाही, जोडीदार नाही, वारसा नाही. देवीच्या नावाने वेगळेपण चालते, हक्काच्या नावाने चालत नाही. आणि देवीला सोडलेल्या मुलींमध्ये बहुसंख्य दलितांच्याच का, हे आपल्या वाचकांना सांगायला नको. जात आणि लिंग यांची दावण एकाच खुंट्याला बांधलेली आहे.

इथे मला माझी चूक सांगितली पाहिजे. तीसएक वर्षांपूर्वी आमच्या अभ्यासमंडळात येणारा एक हुशार मुलगा एका संध्याकाळी माझ्या घरी आला. बराच वेळ गप्प बसून म्हणाला, “सर, घरचे लग्न ठरवतायत. मला बाई नको. माझा एक मित्र आहे.” मी त्याला हाकलले नाही, याचा तेव्हा मला अभिमानच वाटला. मी म्हणालो, “बाबा रे, आधी जातीचा प्रश्न सुटू दे. चळवळीला हे ओझे आत्ता झेपणार नाही.” तो उठून गेला. पुढे घरच्यांनी त्याचे लग्न लावले. दोन वर्षांत ती मुलगी माहेरी परतली आणि तो गाव सोडून गेला. मी एकाला उत्तर दिले आणि दोघांचे आयुष्य त्या उत्तराखाली आले.

“आधी हे, मग ते” हे वाक्य मी कुठे ऐकले होते? १८९५ च्या पुण्यातल्या काँग्रेस अधिवेशनाच्या वेळी. तेव्हा मी नव्हतो, पण ते वाक्य माझ्यापर्यंत पोचले होते. आधी राजकीय स्वातंत्र्य, मग सामाजिक सुधारणा, असे म्हणत सामाजिक परिषदेला मंडप नाकारला गेला. बाबासाहेबांनी जातिनिर्मूलनाच्या भाषणात आरंभीच तो प्रसंग सांगितला आहे. ज्या युक्तिवादाने आपल्याला रांगेत मागे उभे केले, तोच मी माझ्या विद्यार्थ्याच्या तोंडावर मारला.

बाबासाहेब स्वतः असे वागले नाहीत. १९३४ साली र. धों. कर्व्यांच्या ‘समाजस्वास्थ्य’वर अश्लीलतेचा खटला झाला. वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांत समलिंगी संबंधांचाही विषय होता. कर्व्यांचे वकील म्हणून उभे राहिले ते बाबासाहेब. महाड झाले होते, नाशिकचा सत्याग्रह चालू होता, पुणे करार घडून दोन वर्षेही झाली नव्हती. माझ्यापुढे मोठे प्रश्न आहेत, असे म्हणण्याचा अधिकार कोणाला असेल तर तो त्यांना होता. ते तसे म्हणाले नाहीत. खटला हरले, कर्व्यांना २०० रुपये दंड झाला. पण कोण कोणाच्या बाजूने उभे राहिले, याची नोंद झाली.

दुसरी बाजूही तितक्याच स्पष्टपणे मांडली पाहिजे. २०१५ साली मुंबईच्या एका इंग्रजी दैनिकात एका आईने आपल्या समलिंगी मुलासाठी वर पाहिजे, अशी जाहिरात दिली. त्या आईच्या धैर्याला सलाम. पण जातीची अट नाही असे लिहून कंसात एका ब्राह्मण पोटजातीला प्राधान्य दिले होते. ते थट्टेने घातले असेल. पण थट्टासुद्धा त्याच शब्दांत सुचते. नवे दार उघडण्याआधीच जात उंबऱ्यावर येऊन बसली. तृतीयपंथी व्यक्तींना मागासवर्गीय मानून आरक्षण द्यावे असे सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ रोजी सांगितले. पण जी तृतीयपंथी व्यक्ती दलितही आहे, तिने कोणत्या रांगेत उभे राहायचे? म्हणून प्रत्येक प्रवर्गात स्वतंत्र वाटा हवा, ही मागणी दलित तृतीयपंथी कार्यकर्तेच करत आहेत. जो लिंगाचा प्रश्न जातीला विसरतो तो सवर्णांच्या दिवाणखान्यात अडकतो. जो जातीचा प्रश्न लिंगाला विसरतो तो आपल्याच घरात नवी अस्पृश्यता पोसतो.

म्हणून माझे म्हणणे थोडके आहे. दोन्ही लढाया एक नाहीत. त्यांच्या जखमा वेगळ्या, इतिहास वेगळा. पण वेस एक आहे. कोणी कोणाशी घर मांडावे हे जातीने, भावकीने, शास्त्राने ठरवायचे, हीच ती वेस. आपल्या अभ्यासमंडळांनी तीस दिवसांची नोटीस रद्द करण्याची मागणी हाती घ्यावी. तिच्यात दोघांचाही लाभ आहे आणि कोणालाही थांबावे लागत नाही. आणि एखाद्या संध्याकाळी एखादा मुलगा किंवा मुलगी दारात येऊन गप्प बसली, तर तिला रांगेतला क्रमांक सांगू नये. आत बोलवावे, पाणी द्यावे. मसूरच्या वाटेवर त्या मुलांना तेच नाकारले गेले होते.