वरचा आकडा, खालचा आकडा

रक्तदाब प्रथम मोजला गेला तो घोडीचा! इंग्लंडमधील धर्मोपदेशक स्टीफन हेल्स यांनी १७३३ साली तो प्रयोग प्रसिद्ध केला. काचेच्या नळीत रक्त आठ फुटांहून उंच चढले होते. पारा रक्ताच्या सुमारे तेरापट जड, म्हणून पुढे हातभर नळी पुरली. १८९६ साली इटलीच्या रिव्हा-रोच्ची यांनी दंडाला पट्टा बांधला. १९०५ साली रशियाच्या कोरोत्कोव्ह यांनी स्टेथोस्कोपने नाडीचे आवाज ऐकले आणि खालचा आकडाही नेमका कळू लागला.

आज साधारणपणे ९०/६० च्या खाली 'लो' म्हणतात. तेव्हा आईबाबांचा दाब १००/६५ भरला म्हणून लगेच मीठ वाढवू नये. चक्कर, अंधारी येत असेल तर मात्र डॉक्टरांना जरूर विचारावे. गोळ्या परस्पर बंद करू नयेत.